नेत्र-ओपीडीतील ऑप्थॅल्मिक टेक्निशियनचे काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पदविकेचे विद्यार्थी, नुकतेच कामाला लागलेले टेक्निशियन आणि कधीकधी त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न शिक्षणाचे व रोजच्या कामाचे आहेत आणि पुढचे अडचणीच्या प्रसंगांचे आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर आधी येऊन गेले असेल, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांविषयी जे लिहिले आहे ते टेक्निशियनला कामापुरते ठाऊक असावे म्हणून लिहिले आहे. औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे.

१. ऑप्थॅल्मिक टेक्निशियन नेमके काय करतो? तो डॉक्टर असतो का?

तो डॉक्टर नसतो. रुग्ण डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसण्याआधी त्याची तक्रार व पूर्वेतिहास लिहून घेणे, नजर तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्याचे प्रेशर मोजणे, सांगितल्यास बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकणे, अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही हे सिरिंजिंग करून (बारीक बोथट सुईतून पाणी सोडून) पाहणे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढण्यासाठी मोजमापे घेणे, ही त्याची मुख्य कामे आहेत. निदान करणे आणि उपचार ठरवणे ही कामे नेत्रतज्ज्ञांची आहेत. मात्र गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर एका रुग्णाला जी मोजकी मिनिटे देऊ शकतात, त्यांतले बरेचसे निर्णय टेक्निशियनने कागदावर लिहिलेल्या आकड्यांवरच घेतले जातात. म्हणून जे मोजले तेच लिहावे आणि जे मोजता आले नाही तेथे ‘मोजता आले नाही’ असे लिहावे, ही या कामाची पहिली अट आहे. पुढच्या अनेक उत्तरांत ती पुन्हा भेटेल.

२. शिक्षण कोणते लागते? नोंदणी करावी लागते का?

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर साधारण दोन वर्षांची पदविका किंवा ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवी, ज्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते, हे दोन मुख्य मार्ग आहेत. पदवीधर ऑप्टोमेट्रिस्टला नंबर तपासणी, कॉन्टॅक्ट लेन्स, अल्पदृष्टी उपकरणे यांत अधिक खोल प्रशिक्षण मिळते, तर पदविकाधारकाचा भर ओपीडीतील तपासण्या आणि यंत्रे हाताळण्यावर असतो. लहान दवाखान्यांत ही रेषा प्रत्यक्षात बरीच पुसट झालेली दिसते.

२०२१ मध्ये केंद्राने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्ट, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आणि व्हिजन टेक्निशियन ही तिन्ही नावे आहेत. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी संस्थेचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का आणि तो पूर्ण केल्यावर राज्याच्या परिषदेत नोंदणी होईल का, हे लेखी विचारून घ्यावे. ‘सहा महिन्यांत नेत्र टेक्निशियन’ अशा पाट्या तालुक्याच्या गावांत दिसतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर सरकारी भरतीत अर्जही स्वीकारला जात नाही, हे पालकांना फी भरल्यानंतर कळते.

३. खानदेशात काम कुठे मिळते?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामार्फत जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत नेत्र सहायकाची पदे आली; महाराष्ट्रात या पदाला नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांचे नेत्रविभाग आहेत. त्यांखेरीज भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा गावांतील खासगी नेत्रालये, विश्वस्त संस्थांची रुग्णालये आणि चष्म्याची मोठी दुकाने येथे जागा निघतात. खासगी ठिकाणी रुजू होताना पगाराबरोबरच शिबिरांच्या दिवसांचा भत्ता, रविवारची सुट्टी आणि शस्त्रक्रिया विभागातही काम करावे लागेल का, हे तीन प्रश्न आधीच विचारावेत. यांवरून नंतर वाद होतात.

४. नजर तपासण्याचा क्रम कोणता, आणि तो का मोडायचा नाही?

रुग्णाला सहा मीटरवर बसवावे. खोली लहान असेल तर तीन मीटरवर आरसा लावून तेवढे अंतर मिळते. आधी उजवा डोळा, मग डावा. आधी चष्म्याशिवाय, मग रुग्ण वापरत असलेल्या चष्म्यासह, मग बारीक छिद्राच्या चकतीतून म्हणजे पिनहोलमधून. डोळा झाकताना रुग्ण बोटांनी दाबतो आणि मग तो डोळा काही क्षण धूसर दिसतो, म्हणून तळहात किंवा ऑक्लूडर (डोळा झाकण्याची चकती) वापरावा. पिनहोलने नजर सुधारली तर चष्म्याने सुधारण्याची आशा असते. ती सुधारली नाही किंवा उलट कमी झाली, तर दोष डोळ्याच्या मागच्या पडद्यात, दृष्टीच्या नसेत किंवा डोळ्यातील मध्यभागी दाट झालेल्या भिंगात असू शकतो. हा एक आकडा डॉक्टरांना फार उपयोगी पडतो आणि घाईत सर्वांत आधी तोच गाळला जातो.

सर्वांत वरचे अक्षरही दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ एवढे लिहून थांबू नये. रुग्णाला तक्त्याजवळ आणून अंतर लिहावे. तेही जमले नाही तर किती अंतरावरून बोटे मोजतो, हाताची हालचाल कळते का, उजेड कळतो का आणि उजेड कोणत्या बाजूने आला हे चारही दिशांनी सांगता येते का, हे पाहावे. पिकलेल्या मोतीबिंदूच्या रुग्णात उजेडाची दिशा ओळखता येणे किंवा न येणे यावर शस्त्रक्रियेनंतर किती दिसेल याचा अंदाज बांधला जातो.

नजर नेहमी प्रेशरच्या आधी, थेंबांच्या आधी आणि डोळ्यात तीव्र प्रकाश टाकण्याच्या आधी घ्यावी. बाहुल्यांची प्रकाशाला होणारी प्रतिक्रियाही थेंबांच्या आधीच नोंदवावी, कारण बाहुली एकदा पसरली की नसेच्या आजाराची ती खूण त्या दिवसापुरती हाती लागत नाही. या क्रमाला असलेला एकमेव मोठा अपवाद प्रश्न १३ मध्ये आहे.

एक बारकावा : काही रुग्णांचे डोळे जन्मापासून थरथरतात आणि एक डोळा झाकला की थरथर वाढून दुसऱ्या डोळ्याची नजर खोटी कमी येते. अशा वेळी डोळा न झाकता त्याच्यापुढे जाड अधिक नंबरचे भिंग धरून तो धूसर करावा आणि मग दुसऱ्या डोळ्याची नजर घ्यावी.

५. रुग्णाला वाचता येत नाही किंवा मराठी नीट समजत नाही. मग नजर कशी घ्यायची?

‘ई’ चा तक्ता वापरावा आणि अक्षराची तीन बोटे ज्या बाजूला आहेत त्या बाजूला रुग्णाने हात करावा, असे आधी जवळून करून दाखवावे. तोंडाने ‘वर, खाली’ म्हणायला लावले की उजवे-डावे चुकते आणि नजर कमी लिहिली जाते. अहिराणी बोलणाऱ्या आजीला ‘दृष्टिदोष केव्हापासून जाणवतो’ असे विचारण्यात अर्थ नाही; ‘आजी, कोनता डोयाले कमी दखास?’ एवढे विचारले की ती कोणत्या डोळ्याने दिसत नाही आणि कोणत्या दिवसापासून, हे पेरणीच्या हिशेबाने बरोबर सांगते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरी व भिली बोलणाऱ्या रुग्णांबरोबर बहुधा एखादा शिकलेला मुलगा किंवा पुतण्या येतो. त्याची मदत घ्यावी, पण त्याला तक्त्याकडे पाठ करून उभे करावे, कारण कळवळ्यापोटी तो हळूच उत्तर पुरवतो.

६. कॉम्प्युटरवर नंबर निघतो, मग ट्रायल बॉक्स (वेगवेगळ्या नंबरांच्या भिंगांची पेटी) कशाला?

ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे नंबर काढणाऱ्या कॉम्प्युटरचा, आकडा हा सुरुवातीचा अंदाज असतो. तरुण रुग्ण यंत्रात पाहताना नकळत डोळा जवळच्या वस्तूसाठी आवळतो आणि वजा नंबर जास्त येतो. मोतीबिंदू दाट असेल, बुबुळावर (येथे बुबुळ म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) फूल असेल किंवा बुबुळाचा आकार शंकूसारखा झाला असेल, तर यंत्र एरर देते किंवा दर वेळी वेगळा आकडा देते. शक्य तेथे रेटिनोस्कोपीने (डोळ्यात प्रकाशाची रेघ फिरवून नंबर काढण्याच्या पद्धतीने) पडताळावे आणि शेवटी रुग्णाच्या डोळ्यांवर भिंगे लावूनच नंबर ठरवावा. ज्या जास्तीत जास्त अधिक किंवा कमीत कमी वजा नंबरला स्वच्छ दिसते, तो नंबर द्यावा.

जवळचा नंबर वयाच्या तक्त्यावरून देण्याची सवय मोडावी. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर दागिना डोळ्यांपासून साधारण पंचवीस सेंटिमीटरवर धरतो, शिवणकाम करणारी ताई त्याहून लांब पाहते आणि दुकानातला हिशेबनीस वही चाळीस सेंटिमीटरवर ठेवतो. चाळीस सेंटिमीटरला अडीच डायऑप्टरची (भिंगाच्या नंबराचे एकक) गरज असते, तर पंचवीसला चार डायऑप्टरची. रुग्णाला त्याच्या कामाचे अंतर हाताने दाखवायला सांगावे, टेपने मोजावे आणि त्या अंतरावरच जवळचा तक्ता धरावा. चष्मा ‘लागत नाही’ म्हणून परत येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा नंबर बरोबर असतो, अंतर चुकलेले असते.

मधुमेहाच्या रुग्णाची साखर चढ-उतार करत असेल तर नंबरही तिच्याबरोबर बदलतो. रुग्णाचा मागच्या महिन्याचा चष्मा अचानक निरुपयोगी झाला असेल तर नवा नंबर लिहिण्याआधी साखरेचा अहवाल पाहावा आणि डॉक्टरांना सांगावे.

७. हवेच्या मशीनवर प्रेशर २६ आले. रुग्णाला काचबिंदू आहे असे सांगू का?

सांगू नये. सर्वसाधारण डोळ्याचे प्रेशर १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतके धरले जाते, परंतु हवेचा फुगारा आला की रुग्ण डोळा मिटतो, श्वास रोखतो, आणि पहिला आकडा चढा येतो. शर्टाचे वरचे बटण सोडायला सांगावे, श्वास चालू ठेवायला सांगावे आणि किमान तीन वाचने घ्यावीत. तरीही प्रेशर जास्तच आले तर ॲप्लनेशनने, म्हणजे बुबुळाला छोटा प्रिझम टेकवून, पुन्हा मोजले जाते. तेथेही फ्लुओरेसिन (डोळ्यात लावायचा रंग) जास्त झाले की यंत्रातून दिसणाऱ्या कड्या जाड दिसतात आणि आकडा फुगतो.

बुबुळाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते; ते पातळ असेल तर प्रेशर प्रत्यक्षापेक्षा कमी मोजले जाते आणि जाड असेल तर जास्त. लेसरने चष्मा घालवलेल्या तरुणांत म्हणूनच नेहमीपेक्षा कमी आकडा येतो, आणि हा इतिहास न विचारल्यास रुग्ण स्वतःहून सांगत नाही. बुबुळाचा सिलिंडर नंबर (गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे येणारा नंबर) तीनपेक्षा जास्त असेल तर ॲप्लनेशनचा प्रिझम त्याच्या अक्षाप्रमाणे फिरवून घ्यावा लागतो. आकड्याबरोबर वेळ आणि यंत्र दोन्ही लिहावे, कारण प्रेशर दिवसभरात बदलते.

डोळे आलेले असतील, बुबुळावर जखम असेल किंवा डोळा फुटल्याची शंका असेल, तर प्रेशर मोजूच नये.

८. बाहुली मोठी करण्याचे थेंब कोणाला टाकू नयेत?

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणालाच टाकू नयेत. सांगितल्यावरही टाकण्याआधी टेक्निशियनने चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, डोळ्याचा पुढचा कप्पा (बुबुळ आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा यांमधली जागा) उथळ आहे का. कानशिलाच्या बाजूने टॉर्चचा उजेड आडवा टाकला आणि त्या रंगीत पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडली, तर थेंब न टाकता डॉक्टरांना दाखवावे. दुसरी, रक्तदाब व हृदयविकार. नेहमीच्या मिश्रणात ट्रोपिकामाइडबरोबर फेनिलएफ्रिन असते आणि ते अशा रुग्णांना चालत नाही, त्यांच्यासाठी साधे ट्रोपिकामाइड असते. तिसरी, नुकतीच डोक्याला इजा झाली आहे का. अशा रुग्णाच्या बाहुल्यांवर मेंदूचे डॉक्टर लक्ष ठेवून असतात आणि थेंबांमुळे त्यांची दिशाभूल होते. चौथी, ॲलर्जी.

थेंब टाकल्याची वेळ आणि औषधाचे नाव कागदावर लिहावे. वीस ते तीस मिनिटांत बाहुली पसरते. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांत ती उशिरा आणि कमी पसरते, म्हणून पुन्हा पुन्हा थेंब ओतण्यापेक्षा डॉक्टरांना विचारावे. परिणाम चार ते सहा तास राहतो. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पसरलेल्या बाहुलीने दुपारी मोटारसायकल चालवत गावी जाणे धोक्याचे आहे. त्यामुळे नोंदणीच्या खिडकीवरच ‘सोबत माणूस आणा, गाडी स्वतः चालवू नका’ असे सांगितले पाहिजे. तोरणमाळ किंवा मोलगीकडून एसटीने आलेल्या रुग्णाचा नंबर सकाळी लावावा. शेवटची गाडी चुकली की तो पुढच्या वेळी तपासणीलाच येत नाही.

९. लहान मुलाला नंबर तपासण्याआधी ॲट्रोपिनचे मलम (बाहुली मोठी करणारे औषध) दिले आणि आईचा फोन आला की मुलाचे अंग तापले आहे. काय सांगू?

मलम ताबडतोब थांबवा आणि मुलाला घेऊन या, असे सांगून लगेच डॉक्टरांना कळवावे. चेहरा लाल होणे, तोंड कोरडे पडणे, ताप आणि चिडचिड ही औषध अंगात जास्त शोषले गेल्याची लक्षणे असू शकतात. हे टाळण्यासाठी मलम देतानाच आईला प्रमाण दाखवावे. तांदळाच्या दाण्याएवढे मलम पुरते, आणि लावल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरावा. ट्यूब इतर भावंडांच्या हाती लागू देऊ नये.

ॲट्रोपिनचा परिणाम दहा-चौदा दिवस टिकतो, हे शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पालकांना आधी सांगितले नाही तर ‘मुलाला जवळचे दिसेनासे झाले’ म्हणून घर घाबरून जाते. चष्म्याचा अंतिम नंबर परिणाम उतरल्यावर पुन्हा बोलावून ठरवतात.

१०. मोतीबिंदूच्या बायोमेट्रीत (भिंगाच्या नंबरासाठी डोळ्याची मोजमापे घेण्यात) सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

स्पर्श करणाऱ्या ए-स्कॅनमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजताना, प्रोब बुबुळावर दाबला जातो, ही सर्वांत मोठी चूक. दाबामुळे डोळ्याची लांबी कमी मोजली जाते, आणि लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर साध्या डोळ्यात भिंगाचा नंबर सुमारे अडीच डायऑप्टरने चुकतो. म्हणजे ०.४ मिलिमीटरचा दाब पुरतो आणि रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर लांबचे पाहायला एक नंबरचा चष्मा लागतो. पुढच्या कप्प्याची खोली वाचनागणिक कमी-जास्त होत असेल तर हात दाबला जात आहे, असे समजावे आणि ती वाचने काढून टाकावीत.

दोन्ही डोळे मोजावेत, शस्त्रक्रिया एकाचीच असली तरीही. सरासरी लांबी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते, दोन्हींत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला आणि त्याला चष्म्याच्या नंबरात कारण दिसत नसेल, तर मोजमाप पुन्हा घ्यावे. केराटोमेट्री (बुबुळाच्या गोलाईचे मोजमाप) नेहमी ए-स्कॅनच्या आणि ॲप्लनेशनच्या आधी करावी, कारण भुलीचे थेंब आणि स्पर्श यांनी बुबुळाचा पृष्ठभाग बिघडतो.

डोळ्यात आधी पडद्याची शस्त्रक्रिया होऊन सिलिकॉन तेल भरलेले असेल, तर ध्वनी त्यातून हळू जातो आणि लांबी खोटी जास्त येते. यंत्रात तशी निवड करावी लागते. आधी लेसरने चष्मा घालवलेल्या डोळ्यांतही नेहमीचे सूत्र चुकते. हे दोन्ही इतिहास रुग्णाच्या कागदावर ठळक लिहावेत.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही. खानदेशात एकाच सकाळी नाव आणि आडनाव दोन्ही सारखे असलेले दोन पाटील किंवा दोन पावरा सहज भेटतात. बायोमेट्रीच्या कागदावर पूर्ण नाव, वय, गाव आणि कोणता डोळा हे लिहावे आणि रुग्णाला ‘तुमचे नाव अमुक ना?’ असे न विचारता ‘तुमचे नाव सांगा’ असे म्हणावे. ऐकायला कमी येणारे आबा कोणत्याही नावाला मान डोलावतात.

११. डोळे येण्याची साथ आली की ओपीडीत काय बदलायचे?

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर अशी साथ आली होती. डोळे आलेल्या रुग्णांना वेगळ्या बाकावर बसवावे, हवेचे प्रेशर यंत्र त्यांच्यासाठी वापरू नये आणि प्रत्येक रुग्णानंतर हात साबणाने धुवावेत. हनुवटीचा कागद बदलावा आणि ट्रायल फ्रेम (भिंगे लावून पाहण्याची चौकट) पुसावी. ॲप्लनेशनचा प्रिझम नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे या विषाणूसाठी पुरेसे नाही. तो ५,००० पीपीएमच्या ताज्या हायपोक्लोराइट द्रावणात किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाच मिनिटे ठेवून, नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुऊन कोरडा करावा, कारण उरलेले द्रावण पुढच्या रुग्णाचे बुबुळ भाजते. थेंबाच्या बाटलीचे टोक पापणीला लागले तर ती बाटली टाकून द्यावी. टेक्निशियनचेच डोळे आले तर त्याने सुट्टी घ्यावी. काळा चष्मा लावून कामावर येणे म्हणजे कर्तव्यनिष्ठा नव्हे.

१२. रांग मोडून कोणाला आत न्यायचे?

डोळा लाल होऊन फार दुखत असेल, उलट्या होत असतील आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील. अचानक, न दुखता नजर गेली असेल. चमका मारून काळे ठिपके वाढले असतील किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटत असेल. नव्यानेच एकाचे दोन दिसू लागले असेल. मार लागला असेल. किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असून दुखणे वाढले व नजर कमी झाली असेल, तर अशा रुग्णाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. शस्त्रक्रियेचा रुग्ण ‘रविवारी कशाला त्रास द्यायचा’ म्हणून सोमवारपर्यंत थांबतो, म्हणून घरी सोडतानाच त्याला हे सांगून ठेवावे. बाहेर थांबलेले लोक कुरकुर करतात. त्यांना कारण सांगितले की बहुतेक वेळा समजून घेतात.

१३. डोळ्यात चुना गेला आहे. तरीही नजर आधी घ्यायची का?

नाही, आधी डोळा धुवायचा. प्रश्न ४ मधल्या क्रमाला हा अपवाद आहे. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब दाबताना तो लहान मुलाच्या डोळ्यात उडणे, रंगकाम करताना चुना जाणे, कीटकनाशकाचे शिंतोडे उडणे अशा घटना ग्रामीण ओपीडीत येतच राहतात. चुना अल्कली असल्यामुळे तो बुबुळात आत आत जात राहतो. नाव नोंदवणे, केसपेपर, नजर हे सगळे मागे ठेवून सलाईनने किंवा ते हाताशी नसेल तर स्वच्छ नळाच्या पाण्याने निदान अर्धा तास सतत धुवावे, भुलीचा थेंब टाकण्यास डॉक्टरांची संमती घ्यावी आणि वरची पापणी उलटून तिच्याखाली अडकलेले चुन्याचे कण काढले जातील हे पाहावे. डोळ्यातील पाण्याचा पीएच (आम्ल की अल्कली याचे माप) पट्टीने तपासून तो सातच्या आसपास आला आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासल्यावरही तेवढाच राहिला, की मगच धुणे थांबते. फोनवर कोणी विचारले तर ‘लगेच या’ म्हणण्याआधी ‘तेथेच नळाखाली धुवा आणि मग निघा’ असे सांगावे.

याच्या उलट, डोळ्यात काही घुसले असेल किंवा बुबुळ फाटल्यासारखे दिसत असेल, तर डोळा धुऊ नये, दाबू नये, थेंब टाकू नये. वरून कडक शील्ड (संरक्षक झाकण) लावून डॉक्टरांना बोलवावे.

१४. शेतात मक्याचे पान लागले आणि रुग्ण मेडिकलमधून थेंब घेऊन आठवडाभर टाकून आला. काय नोंदवायचे?

बाटलीच बघायला मागावी. मका, ज्वारी, ऊस, केळी यांच्या पानाने किंवा गव्हाच्या कुसळाने खरचटलेल्या बुबुळावर बुरशी वाढू शकते, आणि त्यावर स्टिरॉइडचे थेंब पडले तर सुरुवातीला लाली कमी होऊन बरे वाटते, आणि आत जखम पसरत जाते. रुग्णाला औषधाचे नाव माहीत नसते. ‘लाल झाकणाची बाटली’ एवढेच तो सांगतो. म्हणून नाव, केव्हापासून, दिवसातून किती वेळा, हे बाटली पाहून लिहावे. बाटलीत स्टिरॉइड असेल तर रुग्णाला रागावत बसण्यापेक्षा डॉक्टरांना ते आधी सांगावे.

उन्हाळ्यात डोळे खाजवणाऱ्या, दोरीसारखा चिकट स्राव येणाऱ्या मुलांचीही हीच गोष्ट आहे. खानदेशाच्या कोरड्या, उष्ण हवेत ही ॲलर्जी दर वर्षी परतते आणि पालक जुन्या चिठ्ठीवर तेच स्टिरॉइड वर्षानुवर्षे आणत राहतात. अशा मुलाचे प्रेशर घेतल्याशिवाय त्याला आत पाठवू नये, कारण त्यातून काचबिंदू होऊ शकतो.

१५. सिकलसेलचा डोळ्यांशी काय संबंध? इतिहासात ते का विचारायचे?

सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेलचे (रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आणि वाहक आढळतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी होऊन अनेकांकडे कार्ड असते. अशा रुग्णाच्या डोळ्याला मार लागून पुढच्या कप्प्यात रक्त साठले, तर विळ्याच्या आकाराच्या पेशी डोळ्यातील पाण्याच्या निचऱ्याचा मार्ग अडवतात आणि फारसे न चढलेले प्रेशरही दृष्टीच्या नसेला इजा करू शकते. हे वाहकालाही लागू आहे. प्रेशर उतरवण्यासाठी एरवी सहज दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी अशा रुग्णात डॉक्टर विचारपूर्वक टाळतात. शिवाय या आजारात पडद्यावरही परिणाम होतो. म्हणून मार लागलेल्या रुग्णाला मधुमेह व रक्तदाबाबरोबर ‘सिकलसेलचे कार्ड आहे का?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर ‘नाही’ असले तरी तेही लिहावे.

१६. भरतीसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी ओळखीचा माणूस ‘थोडे सांभाळून लिहा’ म्हणतो. काय करावे?

दोन्ही दिशांनी हा दबाव येतो. पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला नजर जास्त हवी असते आणि दिव्यांग प्रमाणपत्र मागणाऱ्याला कमी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची मर्यादा चांगल्या डोळ्याची, शक्य तितक्या चष्म्यासह, ३/६० पेक्षा कमी नजर (३/६० म्हणजे साठ मीटरवरून दिसायला हवे ते तीन मीटरवरून दिसणे) किंवा १० अंशांपेक्षा कमी दृष्टिक्षेत्र अशी आहे. टक्केवारी ठरवणे हे अधिकृत वैद्यकीय मंडळाचे काम आहे. टेक्निशियनने फक्त मोजलेले लिहावे. कोणी मुद्दाम कमी दिसत असल्याचे सांगत आहे असे वाटले तर भांडू नये. अंतर बदलून पाहावे, कारण खरी नजर असलेल्या माणसाला निम्म्या अंतरावरून दुप्पट लहान ओळ वाचता आली पाहिजे. तफावत कागदावर लिहून डॉक्टरांकडे द्यावी.

रंगांधतेच्या इशिहारा तपासणीत ३८ पट्ट्यांचे पुस्तक पाऊण मीटरवर, दिवसाच्या उजेडात धरावे आणि एका पट्टीला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. काही अकादमींत मुले पट्ट्या क्रमाने पाठ करून येतात, म्हणून क्रम बदलावा. ज्याला खरोखर रंगदोष आहे त्याला तो आधीच कळलेला बरा. दोन वर्षे मैदानावर घाम गाळल्यानंतर वैद्यकीय तपासणीत कळणे फार वाईट.

१७. फील्ड तपासणीत, म्हणजे यंत्रावर दृष्टिक्षेत्र मोजताना, वयस्कर रुग्ण झोपी जातात. अहवाल द्यावा का?

अहवाल द्यावा, पण विश्वासार्हतेचे आकडे आणि स्वतःची टीप जोडून. त्याआधी जवळचे योग्य भिंग लावले आहे का, खुर्चीची उंची बरोबर आहे का आणि वरची पापणी लोंबून वरचे क्षेत्र झाकत नाही ना, हे पाहावे. मध्ये दोनदा थांबवून विश्रांती द्यावी. जेवणानंतरची वेळ टाळली तर निम्मा त्रास वाचतो.

१८. उन्हाळ्यात थेंब कसे ठेवायचे?

लॅटॅनोप्रोस्टसारखे काचबिंदूचे थेंब न उघडलेले असताना २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात ते टेबलावर राहिले तर औषध खराब होते, म्हणून रुग्णाला फ्रिजच्या दारात, आणि फ्रिज नसेल तर मातीच्या माठाच्या शेजारी सावलीत, बंद डब्यात ठेवायला सांगावे. ओपीडीतील प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी आणि महिना झाला की ती टाकावी. भुलीचे थेंब रुग्णाच्या हाती कधीही देऊ नयेत, त्याने कितीही विनवणी केली तरी. ते वारंवार टाकल्यास जखम भरून येत नाही आणि बुबुळ खराब होते.

१९. रुग्ण विचारतो, ‘भाऊ, मोतीबिंदू आहे का?’ उत्तर द्यावे का?

‘मी मोजमाप घेतले आहे, आत डॉक्टरसाहेब पाहून सांगतील’ एवढेच सांगावे. टेक्निशियनचा अंदाज बरोबर असला तरी रुग्ण तेथूनच घरी फोन लावतो आणि आत वेगळे निदान निघाले की विश्वास उडतो. नजर किती आली आणि चष्म्याने किती सुधारली, हे मात्र त्याला सांगण्यास हरकत नाही.

२०. डॉक्टर शिबिराला गेले आहेत आणि जुना रुग्ण काचबिंदूचे थेंब संपले म्हणून आला आहे. द्यावेत का?

स्वतःच्या अधिकारात देऊ नयेत, आणि ‘उद्या या’ म्हणून परतही पाठवू नये, कारण काचबिंदूच्या थेंबांत खंड पडलेला चालत नाही. जुना केसपेपर काढावा, नजर आणि प्रेशर घ्यावे, आणि रुग्णाला धाप लागते का, दमा आहे का, हे विचारावे, कारण टिमोलॉलसारखे थेंब दमेकऱ्याला घातक ठरू शकतात आणि मधल्या काळात दम्याचे नवे निदान झालेले असू शकते. मग डॉक्टरांना फोन करून हे सगळे सांगावे, त्यांनी दिलेली सूचना वेळेसह कागदावर लिहावी, थेंबांची चिठ्ठी त्यांच्याकडून मोबाइलवर मागवून घ्यावी आणि परतल्यावर त्या नोंदीवर त्यांची सही घ्यावी. फोन लागला नाही तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील किंवा दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे केसपेपरच्या प्रतीसह रुग्णाला त्याच दिवशी पाठवावे.